पाच डोकी

सोमवार, २०

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी आज मी अकरा अनोळखी माणसांसमोर झोपेतून उठून दात घासण्याचा अभिनय केला. याची कुठेतरी नोंद राहायला हवी, म्हणून ही वही.

इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली दाताचा दवाखाना. जिना चढतानाच लवंगेच्या तेलाचा वास घशात जातो, आणि दर दहा मिनिटांनी खालून यंत्राची घरघर सुरू होते. कोणाच्या तरी दाढेचा भुगा होत असताना आम्ही वर 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. आमच्या प्रशिक्षक बाई कोणी काहीही बोललं की टाळ्या वाजवतात. एकाने खिडकी उघडली, त्यालाही टाळ्या. मी त्यांना मनातल्या मनात टाळ्याबाई म्हणायला लागलो आहे.

नियम असा की वर्गात आपली भाषा बोलायची नाही, सगळं हातवाऱ्यांनी समजवायचं. शिक्षकाने कमी बोलायचं, विद्यार्थ्यांनी जास्त. मी विचारलं, "मग शिक्षक हवाच कशाला?" टाळ्या.

आणि तो चेंडू! कापडी, कधीकाळी पिवळा असावा. ज्याच्याकडे फेकला त्याने एक वाक्य बोलायचं. किती वर्षांचा, किती तळव्यांचा घाम त्यात मुरला असेल देव जाणे. माझ्याकडे आला तेव्हा कोमट होता. घरी येऊन तीनदा साबण लावला.

चोवीस वर्षं विमा कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिली मी. माझ्या मसुद्यात स्वल्पविराम हलवायची साहेबांचीही छाती नव्हती. मग सगळी पत्रं आपोआप छापणारं यंत्र आलं आणि आमच्या विभागाला कुलूप लागलं. बायको औषधांच्या दुकानात आहे म्हणून घर चाललं आहे. तीच म्हणाली, "अहो, इंग्रजी येतं ना तुम्हाला? मग शिकवा की." नाहीतर मेहुण्याचं टायरचं दुकान आहेच. तो रोज संध्याकाळी येऊन विचारतो, "दाजी, कधी येताय? नुसतं बसायचं, काही करायचं नाही." रबराचा वास मला सहन होत नाही. मेहुणाही होत नाही.

बुधवार, २२

शिकाऊ न्हाव्याला हात साफ करायला डोकी लागतात, तशी आम्हालाही. म्हणून संस्थेने सरावाचा वर्ग ठेवला आहे. गरजू माणसं फुकट शिकायला येतात, रोज सकाळी दहाला, आणि आम्ही आळीपाळीने त्यांच्यावर कात्री चालवायची. टाळ्याबाईंनी आज बजावून सांगितलं की चौदा तारखेच्या आपापल्या शेवटच्या धड्याला निदान पाच डोकी हजर हवीत. चार असली तर धडा झाला असं धरत नाहीत, आणि मग पुढच्या तुकडीपर्यंत सहा महिने थांबा. शिवाय प्रत्येक तुकडीतल्या एकाला संस्था नोकरीवर ठेवते. तो एक मी असणार, यात मला तरी शंका वाटत नाही. बाकीच्यांचं इंग्रजी ऐकलं की कानात खडे गेल्यासारखं होतं.

माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसते. तिला सगळंच छान वाटतं. "छान, छान!" एवढंच तिचं व्याकरण. तिचं नावही मी तेच ठेवलं आहे.

शुक्रवार, २४

पहिला धडा, फळांची नावं. वर्गात बारा जण होते. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, एक निवृत्त पोस्टमास्तर, एका मोठ्या इमारतीतला लिफ्टमन आणि आणखी काही.

आणि तो. कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला आहे. पाळी नऊला सुटते आणि तसाच उठून थेट वर्गात येतो. ओल्या पिसांचा आणि ब्लीचिंगच्या पावडरीचा असा काही वास, की माझ्या सकाळच्या चहाने पुन्हा तोंड दाखवलं. हात उकडल्यासारखे पांढरे, सुरकुतलेले. कानामागे एक बारीक पीस चिकटलेलं होतं, ते संपूर्ण तासभर तिथेच. माझी नजर सारखी त्याच्यावर. इतरांना काहीच कसं वाटत नाही? पोस्टमास्तर तर त्याच्या खांद्यावर हात टाकून बसले होते.

मी त्याची खुर्ची उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवली. तास संपल्यावर तो जिन्यात मुद्दाम थांबला. "सर, आभारी आहे. रात्रभर उभा असतो, मग इथे डुलकी लागते. खिडकीतल्या वाऱ्याने जागा राहिलो." मी मान हलवली आणि श्वास रोखून दोन जिने उतरलो.

तासाभरात मी एकूण एकशे सहा चुका दुरुस्त केल्या, वहीत टिपून ठेवल्या आहेत. मागे बसून बघणाऱ्या टाळ्याबाई नंतर म्हणाल्या, "चांगलं आहे, पण तुम्ही त्यांच्याकडे बघतच नाही." बघण्यासारखं काय आहे तिथे?

गुरुवार, ३०

माझ्या दिवशी सात जण आले, छान-छानच्या दिवशी तेरा. ती चुका सोडून देते, वर हसते. माणसांना लाड हवेत, शिस्त नको. शिवणवाल्या बहिणींतली धाकटी तर माझ्या प्रश्नाला ओठ घट्ट मिटून बसली. थोरली म्हणाली, "ती तुमच्या तासाला बोलत नाही, सर. तिला वाटतं, चुकलं तर तुम्ही लिहून घेता." अहो, लिहून घ्यायलाच तर बसलो आहे मी!

तरी हे सगळे आळीपाळीने येत राहतात. लिफ्टमन म्हणे चार वर्षं येतो आहे. प्रत्येक तुकडी पुन्हा फळांपासून सुरुवात करते. तो सफरचंद किमान आठ वेळा शिकला असेल आणि दरवेळी नवीन असल्यासारखा चेहरा करतो. हे कळल्यावर मला त्याच्या चेहऱ्याचीच शिसारी आली.

शुक्रवार, ३१

जिन्यात पुन्हा कोंबडीवाल्याने गाठलं. बायको परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते, मुलगी तिच्यापाशी. मुलगी गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता सातची. यानेही तिकडे जायचा अर्ज केला आहे, त्याला दोन वर्षं झाली. "कधीही बोलावतील वकिलातीत. दहाबारा प्रश्न इंग्रजीत विचारतात म्हणे. तेवढे माझ्याकडून घोटून घ्याल का, सर? मुलगी फोनवर आता इंग्रजीतच काहीबाही बोलते, मी नुसता हं हं करतो."

मी म्हणालो, "माझा पुढचा धडा भाज्यांवर आहे." अभ्यासक्रमाला शिस्त असते. तो म्हणाला, "बरं, भाज्या तर भाज्या," आणि हसला. हसताना त्याचे दात पाहिले. खालच्या दवाखान्यात त्याला कोणी कधी नेलं नसावं.

गुरुवार, ६

आज सहा जण. कापडी चेंडू फाटला आणि आतून चिंध्या निघाल्या, कोणाच्या तरी जुन्या बनियनच्या. इतके दिवस मी ते हातात घेत होतो! टाळ्याबाईंनी टाका घालून तो पुन्हा माझ्याकडेच फेकला. मी झेलला नाही. पडू दिला.

मेहुणा येऊन गेला. दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे म्हणे, गोल फिरणारी. बायको मला म्हणाली, "चौदा तारखेला नाही जमलं तर मात्र आढेवेढे घ्यायचे नाहीत हं. माझ्याच्याने सहा महिने पुन्हा निघणार नाहीत." तिचे पाय संध्याकाळी सुजलेले असतात. तिने तसं म्हणणं योग्यच आहे, पण फिरणारी खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि मी धड्याची वही उघडली.

मंगळवार, ११

चौदा तारखेसाठी एकेकाला विचारलं. सात जणांनी मान वळवली. कोणाचं काम, कोणाचा पाहुणा. उरले पाच: पोस्टमास्तर, लिफ्टमन, शिवणवाल्या दोघी आणि कोंबडीवाला. बरोबर पाच. एवढ्या पाच डोक्यांवर माझं सगळं टांगलेलं आहे, आणि त्यातलं एक कोंबडीच्या पिसांचं! भीक मागितल्यासारखं वाटलं. स्वतःचा राग आला, आणि त्यांचा त्याहून जास्त.

बुधवार, १२

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

तास सुटल्यावर कोंबडीवाला जिन्यात उभा होता. खिशातून त्याने एक पत्र काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेलं. "वकिलातीतून आलंय, सर. चौदा आकडा तेवढा वाचता आला. तुम्ही चोवीस वर्षं असलीच पत्रं लिहिली म्हणालात ना, म्हटलं, तुमच्याइतकं कोणाला कळणार!"

पत्र उत्तम होतं. कोरडं, स्वच्छ, एक शब्द जास्त नाही. शुक्रवार, चौदा तारीख, सकाळी साडेदहा. मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावं. हजर न राहिल्यास अर्ज बंद करण्यात येईल.

माझा धडा शुक्रवारी, चौदा तारखेला, दहाला.

"चौदाला काय आहे, सर?"

"चौदापासून," मी म्हणालो. "चौदापासून पुढे पंधरा दिवसांत कधीही जा. सगळे कागद घेऊन. घाई नाही."

आवाज माझ्या कचेरीतला होता, अगदी सवयीचा. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे शुक्रवारी तुमच्या धड्याला येता येईल!" मी हो म्हणालो. पत्र परत देताना पिशवीला तो वास येत होता.

अशा कचेऱ्या तारीख देतात तेव्हा तिला मागेपुढे जागा असते. दोन दिवसांनी माणूस गेला तर कोणी हाकलून देत नाही. हे मी अनुभवाने लिहितो आहे. आम्ही विमा कंपनीत तशी जागा कधी दिली नाही, पण आमची कंपनी खाजगी होती.

गुरुवार, १३

दिवसभर कशातच चव नाही. संध्याकाळी वाटलं, जाऊन सांगून टाकावं. पत्र पुन्हा वाचलं, गफलत झाली, असं म्हणता आलं असतं. कारखाना बसने वीस मिनिटांवर आहे. गेलोही.

फाटकापाशी जाळीच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. जिवंत कोंबड्या एकमेकींवर चेपलेल्या. गटारातून गुलाबी पाणी वाहत होतं आणि त्यावर पिसांची साय. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण पाहिजे?" मी तोंडाला रुमाल लावला होता. बोलायला तो काढावा लागला असता. वास इतका भयंकर होता की मी तसाच परत फिरलो. कोणीही फिरला असता.

बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?" मी म्हणालो, "धड्याची तयारी." ती म्हणाली, "कपड्यांना कसला घाण वास येतोय!" बूट गॅलरीत काढून ठेवले.

शुक्रवार, १४

धड्याचा विषय होता भेटीची वेळ ठरवणे. तो मी निवडलेला नाही, यादीप्रमाणे आला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना पाचही हजर होते. कोंबडीवाला आज अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. "तुमची परीक्षा ना, सर." साबणाचा वास येत होता आणि मला तो पिसांच्या वासापेक्षा नकोसा झाला.

दहा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं आणि छान-छान तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आली. "तुमच्याकडे माणसं कमी आहेत असं ऐकलं, म्हणून म्हटलं यांना बसवू या. छान, छान!" सहा झाले. म्हणजे त्याची गरज उरली नाही. घड्याळात दहा-पाच. वकिलात रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी फळ्याकडे वळलो आणि तारीख लिहिली.

धडा रंगला. एवढा रंगला की माझाच विश्वास बसेना. धाकटी शिवणवाली बोलली. लिफ्टमनने मुद्दाम एक चूक करून मला ती दुरुस्त करू दिली, नंतर डोळा मिचकावला. कोंबडीवाल्याला मी इंग्रजीत विचारलं, तुमची भेट कधी आहे? तो उभा राहून इंग्रजीतच म्हणाला, माझी भेट वकिलातीत आहे, आजपासून कोणत्याही दिवशी. पूर्ण, शुद्ध वाक्य. तेव्हा साडेदहा वाजून सात मिनिटं झाली होती. टाळ्याबाईंनी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या. "खऱ्या आयुष्यातलं वाक्य! हेच हवं असतं!"

मीही टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच.

शनिवार, १५

पास. शेराही चांगला: 'विद्यार्थ्यांचा विश्वास संपादन केला आहे.' संस्थेने मलाच ठेवून घेतलं. बायकोने डोळे पुसले. मेहुणा म्हणाला, "अरे वा, दाजी! मग ती खुर्ची मीच वापरतो." सगळे हसले. मला जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असावं.

मंगळवार, १८

कालपासून माझा स्वतःचा वर्ग, येणारा-जाणारा नाही, सहा महिन्यांचा पक्का. सरावाच्या वर्गातलेच बरेच जण माझ्याकडे आले आहेत.

कोंबडीवाला आज तास संपेपर्यंत थांबला. मग टेबलापाशी आला. वकिलातीत काल गेला होता. काचेआडचा माणूस भराभरा काहीतरी बोलला, याला कळलं नाही, शेवटी हातात हे पत्र ठेवलं. "वाचता का, सर?"

तीन ओळी. दिलेल्या दिवशी हजर न राहिल्यामुळे अर्ज बंद करण्यात आला आहे, असं खेदपूर्वक कळवण्यात येत आहे. हे वाक्य मी चोवीस वर्षं रोज लिहिलं. एकदाही ते कोणासमोर उभं राहून मोठ्याने वाचायची वेळ आली नव्हती.

मी वाचलं. आपल्या भाषेत. नियम मोडून.

त्याने पत्र माझ्या हातून घेऊन पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "माझंच चुकलं, सर. तुम्ही सांगितलं होतं चौदापासून म्हणून. शहाण्याने पहिल्याच दिवशी जावं. बायको फोनवर तेच म्हणत होती, पहिल्याच दिवशी जा, लांबवू नको. पण मी म्हटलं, सरांचा धडा आहे, पाच माणसं लागतात."

"तुम्हाला पाचाचं कोणी सांगितलं?"

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं. दर तुकडीला आम्हीच मोजून येतो. लिफ्टवाले आधी नको म्हणत होते तुमच्यासाठी, मीच म्हटलं, माणूस कडक आहे, पण मनाने वाईट नाही. मला बघा कसं खिडकीपाशी बसवलं."

मी संडासात जाऊन ओकलो. खाली यंत्र घरघरत होतं. आज कसलाच वास नव्हता, माझ्याखेरीज.

बुधवार, १९

अर्ज पुन्हा उघडावा अशी विनंती लिहायला बसलो. तो म्हणालाच होता, "तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार!" पहिला मसुदा झाला: अर्जदारास तारखेबाबत चुकीची माहिती मिळाली होती.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी वाचता येतं, औषधांच्या चिठ्ठ्यांवर गेली आहेत तिची वर्षं. शेजारी खुर्ची ओढून बसत ती म्हणाली, "मिळाली म्हणजे? कोणी दिली?"

मी सांगितलं. सगळं, कारखान्याच्या फाटकासकट.

तिने आरडाओरडा केला नाही. फक्त तिची खुर्ची जरा मागे सरकवली, माझ्यापासून लांब. मग म्हणाली, "नाव घालून लिहा. आणि सही करण्याआधी त्याला वाचून दाखवा. आपल्या भाषेत, शब्दन् शब्द." रात्री ती आमच्याकडेच राहणाऱ्या तिच्या आईच्या खोलीत झोपली.

मी नाव घालून लिहिलं. चुकीची माहिती मी दिली, जाणूनबुजून दिली, माझ्या परीक्षेसाठी मला त्याची हजेरी हवी होती, अर्जदाराचा यात काहीही दोष नाही. खाली माझं नाव, संस्थेचं नाव, हुद्दा. वकिलातीतून एक फोन आला तर हा हुद्दा तीन दिवसांचा ठरेल. आयुष्यात लिहिलेलं हे पहिलं पत्र, ज्यात एकही शब्द हलवावासा वाटला नाही.

गुरुवार, २०

तास संपल्यावर त्याला थांबवलं. पत्र त्याच्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, "काय लिहिलंय ते सांगा की, सर. सही करायची तर कळलेलं बरं."

मी वाचायला लागलो. अर्जाचा क्रमांक, तारीख, बायकोचं नाव, मुलीचं वय. त्या वाक्यापाशी आलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, वर्गात बघतो तसा, प्रत्येक शब्द पकडायला टपलेला. कानामागे पीस होतं.

मी ते वाक्य सोडून पुढचं वाचलं. "तरी अर्जाचा पुन्हा विचार व्हावा, ही नम्र विनंती."

"झकास!" तो म्हणाला. खुर्चीवर नीट बसून, जीभ दातात धरून त्याने सही केली. इंग्रजीत. मीच शिकवली होती, दुसऱ्या आठवड्यात. मग दवाखान्याशेजारच्या दुकानात जाऊन आम्ही पत्राची छायाप्रत काढली. मूळ पत्र त्याने माझ्यासमोर पाकिटात घालून टपालाच्या पेटीत टाकलं आणि हात आत घालून ते खाली पडल्याची खात्री केली.

छायाप्रत त्याने घडी घालून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

"ही मी रोज थोडी थोडी वाचणार," तो म्हणाला. "फळं नि भाज्या खूप झाल्या. सहा महिन्यांत मला यातला शब्दन् शब्द कळेल ना, सर?"

मी म्हणालो, "कळेल."